छत गळण्याबद्दल आभार

समीक्षाने इंग्रजीत एम.ए. केलं तेव्हा मानपाड्याच्या त्यांच्या इमारतीत सगळ्यांना आनंद झाला. आता सोसायटीची पत्रं फुकटात लिहून मिळणार होती. फक्त तिचे वडील पोपटराव आनंदाच्या बेतात असले की अडखळायचे. रंगाच्या कारखान्यात ते सुपरवायझर होते आणि तिथे रोज कुणीतरी विचारायचं, "इंग्लिशमध्ये एम.ए. म्हणजे पुढे काय?" तोच प्रश्न ते संध्याकाळी घरी घेऊन यायचे.

"टीचर होशील?"

"त्याला बी.एड. लागतं, पप्पा."

"मग कॉल सेंटर?"

"त्याला एम.ए. लागत नाही."

"मग एम.ए. कशाला लागतं?"

यावर समीक्षा पंखा वाढवायची.

अशातच गच्चीवरच्या टाकीचा पाइप भिंतीतल्या भिंतीत फुटला आणि वरच्या मजल्यावरची सगळी छतं गळू लागली. समीक्षाच्या आईने ओट्यावर पातेलं ठेवलं, मग बादली ठेवली, मग छत्री उघडून पोळ्या केल्या. इमारत तीनच वर्षांची होती, दुरुस्ती बिल्डरकडे होती, आणि बिल्डर दाद देत नव्हता.

सेक्रेटरी त्र्यंबककाका घरी आले. "मराठीतून चार पत्रं झाली. आता तू एक इंग्लिशमध्ये टाक. असं टाक, की वाचून घाम फुटला पाहिजे!"

समीक्षाला विद्यापीठात उपरोध या विषयावरच्या निबंधाला सगळ्यांत जास्त गुण होते. दोन वर्षांत प्रथमच तो कुणाच्या तरी उपयोगी पडणार होता. तिने लिहिलं, की आमच्या घरात बारा महिने पाणी असतं, तेही न मागता, आणि थेट डोक्यावर. या औदार्याबद्दल आपले आभार मानायला आमच्याकडे शब्द नाहीत. पत्र दोन पानी झालं. सोसायटीच्या सभेत पहिली ओळ वाचून सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि चोवीस सह्या झाल्या.

आठव्या दिवशी गेटवर मोठ्ठा फ्लेक्स लागला. त्यावर हसरं कुटुंब होतं आणि खाली ठळक इंग्रजी अक्षरं: 'आमच्या घरात बारा महिने पाणी असतं, तेही न मागता. चोवीस समाधानी रहिवासी.' पुढचे 'थेट डोक्यावर' हे शब्द बिल्डरने जागेअभावी गाळले होते.

दुपारपर्यंत दोन एजंट गिऱ्हाइकं घेऊन आले. शेजारच्या इमारतीचे लोक बोलेनासे झाले. संध्याकाळी सोसायटीला रोज पाणी देणाऱ्या टँकरवाल्याचा त्र्यंबककाकांना फोन आला, "काका, बोर्ड वाचला. बारा महिने पाणी आहे ना तुमच्याकडे? मग तुमची गाडी दुसरीकडे दिली."

दोन दिवसांत नळ कोरडे पडले. टाकीत पाणीच नसल्यामुळे गळतीही थांबली.

"पत्राचा परिणाम झाला म्हणायचा," तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले. वरच्या मजल्यावरच्यांनी त्यांना धरायचंच बाकी ठेवलं होतं.

त्र्यंबककाका पोपटरावांकडे येऊन तावातावाने म्हणाले, "अहो, तक्रार करायला सांगितलेली! पोरीने सत्कार केला!"

पोपटरावांनी उठून पंखा वाढवला. समीक्षाला त्याचंच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठाण्याला बिल्डरच्या ऑफिसात जाऊन धडकली. तिथले मॅनेजर नील कारखानीस तिला पाहून चक्क उभे राहिले.

"ते पत्र तुम्ही लिहिलंत? सुंदर! आमच्या साहेबांनी फ्रेम केलंय."

"सर, ती तक्रार होती."

"माहितीये. परवा माझ्या बायकोने वाचलं, तेव्हा कळलं."

"मग बोर्ड का नाही काढला?"

"त्यामुळे तीन फ्लॅट विकले गेले." कारखानीसांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना. तक्रार असून कुणाला तक्रार वाटली नाही, असं लिहिणारं माणूस आम्ही वर्षभर शोधतोय. लोकांच्या पत्रांना उत्तरं द्यायची. कधी जॉइन होताय?"

समीक्षा भांडायला आली होती, ती बसली. मग ती म्हणाली, "आधी पाइप दुरुस्त करा. बोर्ड उतरवा. आमचा टँकर पुन्हा सुरू करून द्या. मग पगाराचं बोलू."

चार दिवसांत तिन्ही कामं झाली. पोपटरावांनी कारखान्यात पेढे वाटले. "पोस्ट काय?" कुणीतरी विचारलंच. "इंग्लिशची," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

पहिल्या दिवशी कारखानीसांनी तिच्यापुढे पत्रांचा गठ्ठा ठेवला. "प्रत्येकाला एक पान उत्तर. गोड आणि लांब. तारीख मात्र कुठे द्यायची नाही."

सगळ्यांत वरचं पत्र खडवलीच्या इमारतीतल्या हौसाबाईंचं होतं. वहीचं पान फाडून मराठीत लिहिलेलं: 'मोरी तुंबलीय. माणूस पाठवा. नायतर मी येते.'

समीक्षाने ते दोनदा वाचलं. दोन वर्षं ती इंग्रजीतली नावाजलेली गद्यं वाचत होती, पण इतकं नेमकं काही तिच्या वाचनात आलं नव्हतं. तिने प्लंबरला फोन लावला, त्याला लगेच खडवलीला पिटाळलं आणि कागदावर उत्तर लिहिलं: 'माणूस निघाला.'

कारखानीसांनी कागद उलटून पाहिला. "अहो, एवढंच? आणि खरोखर पाठवलात?"

"हो सर," समीक्षा म्हणाली. "त्या आल्या असत्या."