लिंबांच्या बरण्या आणि बंद पडलेलं नाक

बरण्या तपासायच्या नेमक्या त्याच रविवारी सकाळी सासूबाईंचं नाक चोंदलं.

दुसऱ्या कुठल्या घरात याला सर्दी म्हटलं असतं आणि गरम पाण्याचं भांडं पुढे सरकवलं असतं. या घरात मात्र धाबं दणाणलं. कारण गल्लीतली प्रत्येक गृहिणी थंडी सुरू झाली की मिठात लिंबं घालून ठेवायची आणि थंडी सरत आली की ती बरणी सासूबाईंच्या नाकाखालून न्यायची. तिथली थंडी म्हणजे तरी काय, पहाटेची एक शाल. समुद्र शेजारी असला की ती फार दिवस टिकत नाही. पण जाता जाता ती बाजार भरून जाते. कोवळा मटार, लालभडक गाजरं, मांडीवर घ्यावेत एवढे फ्लॉवर आणि होड्यांमधून उतरणारी अंगाने भरलेली मासळी. या सगळ्याबरोबर मुरलेलं लिंबू हवंच. ते मुरलंय की नाही हे सांगायला मात्र एकच नाक होतं.

आणि नाक तरी कसलं! चौथ्या घरातलं दूध उतू जाणार असेल तर सासूबाई खिडकीतून आधी ओरडत, मग दूध उतू जाई. बरणीचं झाकण बोटभर उचलायचं, एक श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. "पास," नाहीतर "अजून आठ दिवस," नाहीतर "टाकून द्या." तीस वर्षांत एक निकाल चुकला नव्हता. पास झालेली बरणी तिथल्या तिथे उघडून घराघरांत वाटायची, ही गल्लीची रीत. त्यामुळे पास होणाऱ्या बाईचा मान मोठा आणि बरणी तासाभरात रिकामी.

तो मान त्यांच्या सुनेला अजून मिळाला नव्हता. सून शाळेत शिक्षिका होती. जन्मात कधी दुसरा नंबर न काढलेली. पण लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सहाही वर्षं तिच्या बरणीला सगळ्यांदेखत एकच निकाल मिळाला होता, "अजून आठ दिवस." आठ दिवसांनी गल्लीत कुणाला तिच्या लिंबांची आठवण राहते? यंदा तिने एकेक लिंबू हाताने निवडलं होतं आणि मीठ शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर तोललं होतं. यंदा पास व्हायचंच, असा तिने पण केला होता.

"आई, लोकांना पुढच्या रविवारी बोलावू या," ती म्हणाली.

"पुढच्या रविवारपर्यंत मटार जून होतो," सासूबाई नाकातून म्हणाल्या. "आणि या नाकाने तीस वर्षांत एक रजा घेतलेली नाही. तू असं कर, माझ्या शेजारी बस. बरणी आधी तुझ्यापुढून येऊ दे. तू वास घे आणि टेबलाखाली माझ्या पायावर तुझ्या पायाचा अंगठा दाब. एकदा दाबलास तर पास, दोनदा तर आठ दिवस, तीनदा तर टाकून द्या."

"म्हणजे माझी बरणीही मीच तपासायची?"

"मग? शिक्षिका आहेस ना तू?"

स्वतःचाच पेपर स्वतः तपासायचा आणि वर प्रामाणिकही राहायचं!

दहाच्या सुमारास जिन्यापर्यंत रांग लागली. सुनेचा नवरा बंदरावर क्रेन चालवायचा, त्यामुळे बरण्या उचलून टेबलावर ठेवायचं काम दरवर्षी त्याच्याकडे. पहिल्या दोन बरण्या झकास पार पडल्या. सुनेने वास घेतला, अंगठा दाबला, सासूबाईंनी डोळे मिटून "पास" म्हटलं. बायका धन्य झाल्या.

तिसरी बरणी बेकरीवाल्याची. बायको माहेरी गेल्यामुळे यंदा स्वतः घेऊन आलेला. उंच माणूस, टेबलापलीकडच्या खुर्चीवर बसून पाय लांब केलेले. सुनेने झाकण उचललं आणि तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने घाईघाईने अंगठा दाबला. एकदा, दोनदा, तीनदा.

सासूबाई गप्प. सुनेने पुन्हा तीनदा दाबला, या खेपेस जरा जोरात.

बेकरीवाला ताडकन उभा राहिला. "हो, हो! मीच! मीच मीठ कमी घातलं! बायकोनं बजावलं होतं, तरी आळस केला. पण म्हणून पाय चेंगरायचा का, काकू?"

सून लाजेने लाल झाली. आता सगळं फुटणार, असं तिला वाटलं. सासूबाईंनी मात्र पापणीसुद्धा हलवली नाही. "माणसाने स्वतःहून कबूल करावं म्हणून चेंगरला," त्या शांतपणे म्हणाल्या. "टाकून दे."

गल्ली थक्क झाली. मागच्या बाया एकमेकींना सांगू लागल्या, "बघितलंस? आता तर झाकणाला हातही लावावा लागत नाही!"

तेवढ्यात सुनेला शिंक आली. टेबलाकडे पाठ करून ती पाठोपाठ सात वेळा शिंकली. एकाच घरात राहून सासूची सर्दी सुनेला लागणार नाही तर कुणाला लागणार? चौथी बरणी पुढे आली. तिने वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. भिंतीला नाक लावल्यासारखं.

ती सासूबाईंच्या कानाशी लागली. "आई, माझंही गेलं."

इथे दुसरी कुणी असती तर चक्कर येऊन पडली असती. सासूबाईंनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि बरणीकडे न बघता बरणीवालीकडे बघितलं. नुसतं बघत राहिल्या. शिंपीणबाई होत्या त्या. पाच सेकंदांत चुळबुळू लागल्या, दहाव्या सेकंदाला म्हणाल्या, "मधे दोन दिवस झाकण उघडं राहिलं होतं हो माझ्याकडून."

"आठ दिवस," सासूबाई म्हणाल्या.

पुढे सगळं असंच. कुणी ओला चमचा घातल्याचं कबूल केलं, कुणी बरणी उन्हात ठेवायला विसरल्याचं. जी बाई डोळ्याला डोळा देऊन ठाम उभी राहिली ती पास. बरण्या उघडल्या, वाटल्या, लोकांनी चाखल्या आणि एकही निकाल खोटा निघाला नाही. सून तोंडात बोट घालून बघत राहिली. सासूबाईंविषयी तिला आदर होताच. त्या सकाळी तो दुप्पट झाला.

शेवटी तिची बरणी आली. नवऱ्याने ती काचेची पेटी उतरवावी तशी अलगद टेबलावर ठेवली. गल्लीने माना पुढे काढल्या. सुनेने अंगठा सासूबाईंच्या पायावर टेकवला. एकदाच दाबायचा होता. पण वास तर येत नव्हता! न तपासता मार्क कसे द्यायचे? तिने पाय मागे घेतला.

सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. "अजून आठ दिवस."

"अरेरे!" गल्ली म्हणाली आणि आपापल्या वाट्या घेऊन घरी गेली.

सुनेने टेबल पुसलं, खुर्च्या लावल्या, पण राग काही आवरेना. तरातरा ती स्वयंपाकघरात गेली. "आई, वास तुम्हाला नाही, मला नाही. माझ्याकडे तुम्ही बघितलं नाही, मला काही विचारलं नाही. मग आठ दिवस कुठून काढलेत?"

सासूबाईंच्या तोंडात घास होता. समोर गरम भात, मटार-फ्लॉवरची भाजी आणि सुनेची बरणी. झाकण बाजूला. वरची चार लिंबं गायब.

"बस," घास गिळून त्या म्हणाल्या. "नाक गेलं तरी जीभ शाबूत आहे. पहिल्या वर्षापासून असं लिंबू गल्लीत कुणाचं नाही. माझंही नाही."

"मग सहा वर्षं नापास का केलंत?"

"पास केलं असतं तर घरात उरलं असतं का?"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, ते सर्दीचं नक्कीच नव्हतं. मग तिने ताट घेतलं, शेजारी बसली आणि पाचवं लिंबू स्वतः काढलं.

इतक्यात दाराशी शिंपीणबाई आल्या. "अगं, वाईट नको वाटून घेऊस हं. आठ दिवस झाले की सांग, मी येते वाटी घेऊन."

सुनेने बरणी पदराआड सरकवली आणि सुस्कारा सोडला. "यंदा काही खरं नाही हो काकू. दोन महिने तरी लागतील."