पार्ट ऊना नही

पितांबर नानांनी आपली बंदूक सांगितलेल्या दिवशी परत केली, असं सांगणारा माणूस मला अख्ख्या धुळ्यात भेटलेला नाही. शेतकऱ्याची जुनी बारा बोअर असो, रखवालदाराची रायफल असो, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याचं चकचकीत पिस्तूल असो, नानांचं उत्तर ठरलेलं. "पार्ट ऊना नही. बठा, चहा ल्या." म्हणजे पार्ट आलेला नाही, बसा, चहा घ्या. एवढ्या भांडवलावर त्यांनी बंदूक दुरुस्तीचं परवान्याचं दुकान आयुष्यभर चालवलं.

मी जळगावच्या बसस्टँडवर गाड्या सोडणारा कंट्रोलर होतो. रिटायर झालो तरी सवय जात नाही. रस्त्यात उशिरा धावणारी गाडी दिसली की अजून माझाच जीव वरखाली होतो. लग्नपत्रिकेवर छापलेल्या वेळेला मांडवात हजर राहणारा आमच्या नातेवाइकांत मी एकटाच, आणि त्यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. अशा माणसाला नानांच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या त्या माझ्या थोरल्या भावामुळे.

आबा शिंदखेड्याला राहतो. एके काळी कापसाचा व्यापार करायचा, रोकड घेऊन आडरस्त्याने फिरायचा, म्हणून त्याने परवाना काढून पिस्तूल घेतलं होतं. व्यापार बंद झाल्यावर ते कपाटात पडून होतं. मागच्या वर्षी वहिनी गेल्या आणि आबाचं बोलणंच बंद झालं. ओट्यावर बसायचा, जेवायला हाक मारली तर जेवायचा, नाही मारली तर नाही. आमचा आबा पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं तरी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलायचा. तो असा भिंतीसारखा बसलेला मला बघवत नव्हता.

मग एक दिवस त्यानेच फोन केला. पिस्तूल बिघडलंय म्हणाला. बरेच दिवस पडून आहे, चालतं का ते मळ्यात जाऊन बघितलं, तर रिकामी पुंगळी बाहेर न पडता आतच अडकली. धुळ्याला नानांकडे टाकलंय, तू जरा मागे लाग. मला तर आनंदच झाला. इतक्या महिन्यांत या माणसाने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं! आबाचं पिस्तूल लवकरात लवकर त्याच्या हातात द्यायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा नानांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, उलटी करून हलवली, झाकणाच्या आत डोकावून पाहिलं आणि परत दिली. ही त्यांची खोड. हातात येईल ते आधी रिकामं आहे का बघायचं. पिस्तुलाचं तर विचारूच नका. दाराशी वाळूने भरलेली बादली, नळीचं तोंड तिच्यात. मॅगझिन काढायचं, वरचा भाग मागे ओढायचा, डोळ्याने बघायचं, करंगळी घालून बघायचं. मग शिंक आली तरी पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी गंमत म्हणजे या बंदुकीच्या मिस्तरीला आवाज सहन होत नाही. लग्नात फटाके लागले की कानात बोटं घालून मांडवाबाहेर. दिवाळी आली की दुकान बंद करून साक्रीकडे बहिणीच्या मळ्यात मुक्काम. दुरुस्त केलेलं हत्यार ते पितळेच्या खोट्या गोळ्या घालून तपासतात. खऱ्या गोळीची चाचणी दुसऱ्याकडून करून घेतात आणि तेवढा वेळ स्वतः लांब कुठेतरी जाऊन बसतात. बाजारातली माणसं यावरून त्यांना पुष्कळ चिडवतात. नाना चहा ओततात.

"काय मोडलंय?" मी विचारलं.

"इजेक्टर." त्यांनी नखाएवढा लोखंडी तुकडा तळहातावर दाखवला. त्याचं टोक उडालेलं होतं. "गोयी सुटनी का खाली पुंगळीले एक जन हात धरीसन मांगे वढस. आनि हाऊ तिले दारमा धक्का देस. हाऊ मोडना का पुंगळी घरमाच बठी राहस."

"मग नवा टाका."

"पार्ट ऊना नही. बठा, चहा ल्या, कंट्रोलर भाऊ."

पुढचे काही महिने मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही बडबडू लागलो असेन. आबा दर बाजाराच्या दिवशी शिंदखेड्याहून बसने धुळ्याला यायचा, पिस्तूल मागायचा, आणि नाना त्याला बसवून घ्यायचे. सुरुवातीला नुसतं बसवलं. मग स्क्रूची बरणी पुढ्यात ओतून "जरा निवडी द्या" म्हणाले. मग चहाचं काम त्याच्याकडे आलं. मग नाना घरून भाकरी जास्त आणू लागले आणि आबा भाजी. एकदा गेलो तर दोघे म्हातारे भरताच्या मिरचीवरून कडाकडा भांडत होते. मिरच्या वांग्याबरोबर ठेचायच्या की वेगळ्या, एवढाच मुद्दा. आबाचा आवाज कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत येत होता. मी मात्र मनात म्हटलं, गिऱ्हाइकाला फुकट राबवून घेणारा मिस्तरी पहिल्यांदाच बघतोय.

शेवटी मी नानांची पंचाईत करायची ठरवली. जळगावातल्या एका परवान्याच्या दुकानदाराला गाठलं, त्याच पिस्तुलाचा नवा इजेक्टर मागवला, औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कापसात गुंडाळून घेतला आणि नानांच्या टेबलावर आपटला. "घ्या. आला पार्ट!"

नानांनी डबी आधी उलटी करून पाहिली, मग तुकडा उजेडात धरला. चष्मा वर केला, खाली केला. "असा बसाव नही. घासना पडी."

"किती दिवस?"

"लोखंड शे भाऊ. तेले घाई करीसन काय फायदा? बठा."

या घासण्यात उन्हाळा सरत आला. एका बाजाराच्या दिवशी मी चिडून पहिलीच गाडी पकडली. आज पिस्तूल घेतल्याशिवाय हलायचं नाही, अशी प्रतिज्ञाच होती. दुकानात आबा नव्हता, वांगी आणायला गेला होता. नाना दाराकडे पाठ करून बसले होते. त्यांच्या हातात आबाचं पिस्तूल होतं आणि त्यातून खोट्या गोळ्या एकामागून एक टणटण बाहेर उडून समोरच्या जर्मनच्या ताटात पडत होत्या. एकही अडकत नव्हती. मी आणलेली डबी साखरेच्या डब्याशेजारी तशीच होती, कापसासकट.

"नाना, हे झालंय?"

ते दचकले. पिस्तूल वाळूत धरून त्यांनी पुन्हा सगळं तपासलं, आणि मग म्हणाले, "हां."

"कधी?"

"पहिलाच हप्तामा."

माझा तोल गेला. म्हातारा माणूस दर आठवड्याला बसचे धक्के खात येतो, तुम्हाला काही वाटत नाही का, हा कसला धंदा, असं बरंच काही बोललो. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग दारातून बाहेर, आबा येतोय का बघितलं आणि हळू आवाजात बोलू लागले.

"भाऊ, मना दुकानमा मानसं येतस, घाई करतस, भांडतस. किती टाईम लागी, काय बिघडनं, बठ्ठं इचारतस. आबा पहिलांदा ऊना, तवय काहीच इचारं नही. मना मांगली भितकडे देखे आनि म्हने, लवकर दे. तेन्हा डोया देखीसन माले समजनं, हाई आते देवानं नही."

हे आता द्यायचं नाही, असं नानांनी त्याच दिवशी ठरवलं होतं. मी खाली बसलो. मळ्यात जाऊन आबाने पिस्तूल का चालवून बघितलं, हे मला इतक्या महिन्यांत एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. वाटलं असतं तरी विचारायचं धाडस झालं नसतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

नाना ताटातल्या गोळ्या एकेक करून डब्यात भरत राहिले.

"मी एकच डाव बंदूक टाईमवर दिन्ही शे. मना धाकला भाऊनी व्हती. तो बी असाच देखे. मी म्हनं, घरना मानूस शे, तेले काबरं ताटकळत ठेवू? रात जागीसन दुरुस्त करी, दुसरा दिन दिन्ही." डब्याचं झाकण लागत नव्हतं. "तवयपासून कोनलेच टाईमवर देत नही. चार डाव बठाडस, चहा पाजस, मंग देस. आते तुम्ही सांगा. तुमना भाऊ शे. देऊ का?"

आवाज झाला की हा माणूस कानात बोटं का घालतो, हेही आता सांगायला नको होतं. मी ते झाकण त्यांच्या हातातून घेतलं आणि लावून दिलं.

एवढ्यात पिशवी सांभाळत आबा आत आला. घामाघूम झाला होता, आणि वांगीवालीने कसं फसवायला बघितलं ते दारातूनच सांगत होता. मला बघून थांबला.

"तू कवय ऊना? व्हयनं का रे ते?"

नाना माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर मी माइकवरून गाड्यांच्या वेळा सांगितल्या, आणि त्यातली एकही मुद्दाम खोटी सांगितलेली नाही.

"नही आबा," मी म्हणालो. "पार्ट ऊना नही."

"माले म्हाईतच व्हतं," आबा म्हणाला. त्याने पिशवी खाली ठेवली आणि चहाचं पातेलं विसळायला घेतलं. "बठ. तुन्हाबी टाकस."