सनई सात

वरातीला पाऊण तास उरला होता आणि बुद्धभूषणचं बोट लॅपटॉपवर अधांतरी थांबलं होतं. पडद्यावर लिहिलं होतं, 'नवी आवृत्ती घ्या'. खाली दोन चौकटी, 'होय' आणि 'नंतर'. गेली दोन वर्षं त्याने निष्ठेने 'नंतर' दाबलं होतं.

विंझरच्या या बँजो पार्टीची सगळी इस्टेट त्या लॅपटॉपात होती. कीबोर्डच्या पट्ट्या दाबल्या की हवं ते वाद्य काढून देणारा एक सिंथ. त्यातली 'सनई सात' म्हणजे पार्टीचं नाक. तीन वर्षांपूर्वी कोंडिबांना ओसरीवर बसवून बुद्धभूषणने त्यांची सनई मोबाईलवर रेकॉर्ड केली होती आणि तिच्यावरून हा आवाज घडवला होता. पुढे कोंडिबांचे दात गेले, सनई खुंटीला लागली आणि भोर-वेल्ह्याच्या लग्नांत लॅपटॉपातले कोंडिबाच वाजत राहिले. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या सनईत एक 'ख्हं' यायचा. जाणकार त्याला कोंडिबांची खास लकब म्हणत.

आजची वरात वरवे बुद्रुकला. नवरदेव खुद्द कोंडिबांचा नातू.

"दाब की रं!" धनाजी म्हणाला. टेम्पो त्याचा आणि ढोलही त्याचाच. "पानशेतला काय झालं इसरलास? ह्यो मधीच बंद पडला अन् नवरदेव अकरा मिनटं घोड्यावर पुतळ्यावाणी बसून!"

"अन् सनई सात बिघडली मंजी? हितं लिवलंय, जुन्या आवाजांची आपोआप सफाई व्हईल. माघारी येता येत न्हाई."

"सफाई चांगलीच की."

"तुजं टाळकं! कोंडिबातात्या फुडच्या खुर्चीत बसल्यात. त्यांचा श्वास हाय ह्यात. त्योच पुसला तर काय तोंड दावू त्यांना?"

त्याने मन घट्ट करून 'नंतर' दाबलं आणि सुरावट तपासायला घेतली. दुसऱ्या ओळीला लॅपटॉप गोठला. पुन्हा चालू केला, पुन्हा गोठला. तिकडे नवरदेव घोड्यावर चढला. घोड्याने शेजारच्या कमानीतला झेंडू खायला घेतला.

बुद्धभूषणने डोळे मिटून 'होय' दाबलं.

रेंज मिळावी म्हणून धनाजी मोबाईल उंच धरून टेम्पोच्या टपावर उभा राहिला. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा नव्व्याण्णववर जाऊन अडला. कमान निम्मी संपली तेव्हा कुठे तो शंभर झाला.

सनई सुरू झाली. स्वच्छ, गोड, नितळ. पहिली ओळ संपली आणि नाचणारे पन्नास जण एक पाय वर उचलून तसेच थांबले. गेली तीन वर्षं अख्खा तालुका त्या 'ख्हं'वर पाय टाकायला शिकला होता. आता तो आलाच नाही.

कोंडिबा काठी टेकत उठले. बुद्धभूषणने हात जोडले.

"चुकलं, तात्या. तुमची लकब गेली."

"लकब कसली बोडक्याची! खोकला हुता त्यो."

"आं?"

"सर्दी झालती मला त्या दिशी. तीन वरीस झाली, कुणाचं बी लगीन असू दे, मी आपला मांडवात खोकतोय! वेल्ह्याचा डाक्टर बी वाटंत थांबवून इचारतो, कोंडिबा, कमी हाय का आता?"

"मग बोलला का न्हाई?"

"तू लई मायेनं वाजवायचास. कसं बोलावं?"

"ते ऱ्हाऊ द्या, तात्या!" धनाजी टपावरून ओरडला. "वरात उभी हाय! नवरीकडची हसाय लागली!"

कोंडिबांनी घोड्यावरच्या नातवाकडे पाहिलं. मग एका पायावर डुलणाऱ्या पाहुण्यांकडे पाहिलं. एक लांब सुस्कारा सोडला.

"आण त्यो माईक."

वरात हलली. लॅपटॉप निर्मळ सनई वाजवी आणि ओळ संपली की कोंडिबा माईकमध्ये खोकत, अगदी जागच्या जागी. पन्नास पाय एकदम जमिनीवर पडत.

मारुतीच्या देवळापाशी पोचेपर्यंत त्यांना खरोखरचा खोकला लागला. बुद्धभूषणने एका हाताने कीबोर्ड चालू ठेवला आणि दुसऱ्या हाताने हळूच मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू केलं.