वीजपुरवठा खंडित करावा

सुरक्षितता ही इतकी महत्त्वाची गोष्ट आहे की ती ज्याच्या जिवाशी संबंधित असते त्याच्यावर सोपवून चालत नाही. तिच्यासाठी वेगळा विभाग लागतो. विभाग आला की खोली लागते, खोलीला कुलूप लागते आणि कुलपाची किल्ली कोणाकडे असावी हे ठरवायला समिती लागते. एवढे सगळे जमले की सुरक्षितता आपल्या पायांनी चालत येते. आमच्या कारखान्यात हे सगळे जमलेले आहे. मी त्या समितीचा चिटणीस आहे, त्यामुळे खालील मजकूर अत्यंत निःपक्षपातीपणे लिहिलेला आहे.

आमच्याकडे पत्र्याचे काम होते. मोठमोठ्या इमारतींच्या छतातून थंड हवा नेणारी चौकोनी नळकांडी, स्वयंपाकघरातली धुराडी, फायलींची कपाटे (यांत पुढे आमचेच अहवाल राहायला जातात). हे सगळे पत्र्यातून कापावे लागते आणि त्यासाठी विजेवर चालणारी, हातात धरायची कात्री असते. दिसायला ती ड्रिल मशीनची चुलत बहीण. तोंडाशी दोन पोलादी पाती असतात. खालचे पाते जागचे हलत नाही. खटका दाबला की वरचे पाते भिंगरी लागल्यासारखे खालच्याला भेटून येत राहते. मध्ये पत्रा असेल तर पत्रा कापला जातो. दुसरे काही असेल तर तेही कापले जाते. कात्री पंक्तिप्रपंच करत नाही.

ही कात्री दाजी चालवतात. दाजी हे त्यांचे नाव नव्हे, नाते आहे. आमचा स्टोअरकीपर त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो त्यांना दाजी म्हणतो, म्हणून माल चढवणारे म्हणू लागले, मग हिशेबनीस, मग खुद्द मॅनेजरसाहेब. अशा रीतीने अख्खा कारखाना दाजींचा मेहुणा झाला आणि त्यांची बायको सगळ्यांची ताई झाली. इतके मेहुणे असलेल्या माणसाला जपण्यासाठी खरे तर वेगळ्या समितीची गरज नव्हती.

कष्टकरी शहाणा आणि साहेब अडाणी, किंवा त्याच्या उलट, अशा गोष्टी ऐकायची ज्यांना सवय आहे त्यांची इथे निराशा होईल. या बाबतीत आमच्याकडे संपूर्ण समानता आहे. दाजी हातमोजे घालत नाहीत ("मोजे पायात घालतात"). चष्मा घालतात, पण कपाळावर, त्यामुळे त्यांच्या कपाळाला आजवर एकही इजा झालेली नाही. खटका दाबून दाबून बोट दुखते म्हणून त्यांनी तो चिकटपट्टीने कायमचा दाबून टाकला आहे. भिंतीवरचे बटण चालू केले की कात्री चालू, बंद केले की बंद. दोन पात्यांमध्ये किती फट असावी हे मोजायला पातळ पट्ट्यांचे मापक मिळते. ते त्यांच्या खणात मूळच्या कागदात गुंडाळलेले आहे. दाजी फट नखाने मोजतात. "माझं नख म्हणजे माप," असे ते नव्या लोकांना सांगतात आणि डाव्या हाताची तर्जनी वर करून दाखवतात.

त्या डाव्या हाताबद्दल थोडे सांगायला हवे. ताईंचा खांदा आखडला आहे, हात डोक्यापर्यंत जात नाही. म्हणून रोज सकाळी त्यांची वेणी दाजी घालतात. ही अगदी खासगी गोष्ट आहे, म्हणजे ती फक्त स्टोअरकीपरला माहीत होती, म्हणजे ती सर्वांना माहीत आहे. दिवसभर पत्रा वाकवणारा हा माणूस सकाळी तीन पेडांची वेणी अशी घालतो की ताईंकडे बघून पॅकिंगमधल्या बायका आपापल्या नवऱ्यांचे हात निरखू लागल्या. दाजींची बोटे शाबूत राहणे ही केवळ कारखान्याची गरज नव्हती.

तर अशा या कात्रीची पाती बोथट झाली. कात्री पत्रा कापायच्या ऐवजी चावू लागली. कडांना दाते येऊ लागले, मशीन हिसके देऊ लागले आणि पत्रा स्थिर ठेवण्यासाठी दाजींचा डावा हात रोज थोडा थोडा पात्यांच्या जवळ जाऊ लागला. त्यांनी पात्यांना तेल दिले. पात्यांनी तेल घेतले आणि पुन्हा चावायला सुरुवात केली. तेव्हा दाजी मेहुण्याकडे गेले.

"अरे, दोन पाती काढ."

"आहेत दाजी. हा काय डबा, समोरच आहे."

"मग दे की."

"देतो, पण पाती बदलायची म्हणजे परवानगी लागते. नियमच आहे."

"अरे, मी तुझ्या बहिणीचा नवरा आहे."

"म्हणूनच सांगतो ना! दुसरा कोणी असता तर कधीच दिली असती. उद्या लोक म्हणतील, घरच्याला दिली."

आता त्या नियमाविषयी. तो मीच लिहिला आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. कात्रीसोबत आलेल्या पुस्तिकेत पाती बदलण्याच्या पानावर नुसते एक चित्र होते: एक हात भिंतीतून प्लग काढतो आहे. शेजारी बाण. चित्र ही काही कार्यालयीन भाषा नव्हे. ते शब्दांत उतरवायला समितीच्या तीन बैठका गेल्या. "आधी प्लग उपटावा" असा एक मसुदा होता, पण उपटणे हे क्रियापद टिपणीत शोभत नाही असे सर्वांचे मत पडले. मॅनेजरसाहेब म्हणाले, "आपण काय गवत उपटतोय का?" "प्लग काढावा" हेही चर्चेला आले, परंतु काढून कुठे ठेवावा, याचा खुलासा होत नव्हता. शेवटी मी सुचवले: पाती बदलण्यापूर्वी वीजपुरवठा खंडित करावा. वाक्याला वजन होते. एकमताने मंजूर झाले, चहा मागवला.

दाजींचा अर्ज विद्युत विभागाकडे गेला, तेव्हा विभागाने नियम वाचला आणि तो शब्दशः घेतला, जे विभागाचे कामच आहे. वीजपुरवठा खंडित करणे म्हणजे मेन स्विच पाडणे. मेन स्विच पाडायला मॅनेजरसाहेबांची सही लागते. उत्पादन विभागाचे म्हणणे पडले की रंगाची भट्टी थंड होईल. हिशेब विभागाने विचारले, संगणकांचे काय? दोन पात्यांसाठी अख्खा कारखाना अंधारात टाकायचा की नाही, यावर बराच काळ उजेड पडेना.

मधल्या काळात समिती स्वस्थ बसली होती असे कोणी समजू नये. बोथट पात्यांचा आम्ही सर्व बाजूंनी अभ्यास केला. पाहणीत असे आढळले की शंभरातल्या सदतीस जखमा धारदार वस्तूंमुळे होतात. म्हणजे धार जितकी कमी तितकी सुरक्षितता जास्त, आणि या हिशेबाने आमची कात्री कारखान्याच्या इतिहासात सर्वांत सुरक्षित अवस्थेत होती. (उरलेल्या त्रेसष्ट जखमा बोथट वस्तूंमुळे होतात, ही बाब पुढील बैठकीसाठी राखून ठेवली.) दाजींच्या तळहाताला रोज एक नवा ओरखडा पडत होता, पण तो पत्र्याच्या कडेने पडत होता, कात्रीने नव्हे. कडेसाठी आमच्याकडे स्वतंत्र समिती नाही.

अखेर कडांना दाते आलेला माल गिऱ्हाइकाने परत पाठवला आणि परवानगी धावत आली. सुरक्षिततेचा इतका मोठा प्रसंग वाया जाऊ नये म्हणून समितीने तो रीतसर साजरा करायचे ठरवले. फोटो काढणारा बोलावला. हेल्मेटे कमी होती, ती फोटोत पुढच्या रांगेत उभ्या राहणाऱ्यांना दिली. मॅनेजरसाहेबांनी चार शब्द सांगितले, मग स्वतःच्या हाताने मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले, भट्टी थांबली, चालू असलेली कात्रीही थांबली, अंधार झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दाजी बाकापाशी बसले. मेहुण्याने मोबाइलची बॅटरी धरली. प्लग भिंतीतच होता, बटण चालूच होते आणि खटक्यावर चिकटपट्टी होती. साऱ्या कारखान्यातच वीज नाही तर प्लग कशाला काढायचा, असा विचार दाजींनी केला. तोच विद्युत विभागाने केला, तोच मॅनेजरसाहेबांनी, तोच मी. इतके मतैक्य आमच्याकडे क्वचितच होते.

जुनी पाती निघाली, नवी बसली, स्क्रू आवळले गेले. नवी पाती बॅटरीच्या उजेडात चमकत होती. मग दाजींनी, सवयीने, फट मोजायला तर्जनीचे नख आत घातले.

इथे जनरेटरचा परिचय करून द्यावा लागेल. संगणक बंद पडू नयेत म्हणून हिशेब विभागाने तो नुकताच मागच्या आवारात बसवून घेतला होता. वीज गेली की दहा मिनिटे वाट पाहून तो आपणहून चालू होतो आणि अख्ख्या कारखान्याला वीज देतो. कोणाला विचारत नाही. आमच्या कारखान्यात परवानगीशिवाय चालणारी ही एकमेव वस्तू आहे.

दिवे लागले. उजेड आला की टाळ्या वाजवायच्या असतात, म्हणून आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यामुळे कात्रीचा आवाज आम्हाला जरा उशिराच ऐकू आला. दाजी ओरडले नाहीत. ते फक्त "अरे" म्हणाले, जसे कोणी रस्त्यात ओळखीचे भेटल्यावर म्हणतो. मेहुण्याने हातातला मोबाइल टाकला, भिंतीकडे झेप घेतली आणि प्लग असा ओढला की सॉकेटही बाहेर लोंबू लागले. कात्री थांबली. या कृतीला कोणाची सही लागली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की तर्जनीचे वरचे पेर नखासकट गेले. बाकी बोटे ठीक आहेत. आम्ही सगळे मेहुणे बाहेरच्या बाकांवर बसलो होतो, काहींच्या डोक्यावर अजून हेल्मेटे होती. ताई आल्या. सकाळची वेणी तशीच होती, घट्ट आणि सरळ. त्यांनी आधी भावाला गाठले.

"तू तिथेच होतास ना?"

"बॅटरी धरून होतो, ताई."

"आणि प्लग?"

मग ताई आमच्याकडे वळल्या.

"ताई ताई म्हणता ना सगळे? एवढ्या भावांमध्ये एकालाही सुचलं नाही?"

आतून दाजींचाच आवाज आला, "अगं, त्यांना कशाला बोलतेस? बोट माझं होतं, मलाही नाही सुचलं."

ताई आत गेल्या आणि दाजींच्या हाताला बांधलेल्या पांढऱ्या पट्टीकडे बघत उभ्या राहिल्या. दाजी म्हणाले, "वेणी जरा सैल येईल आता, एवढंच." त्यावर ताई त्यांना खूप रागावल्या आणि मग रडल्या. मी बाहेर निघून आलो. मला तिथे उभे राहवेना.

चौकशी झाली. अहवाल मीच लिहिला. कात्री निर्दोष आहे. नव्या पात्यांची धार उत्कृष्ट असल्याचे सिद्ध झाले आहे. जनरेटरने वक्तशीरपणा दाखवला. वीजपुरवठा नियमाप्रमाणे, सक्षम अधिकाऱ्याच्या हस्ते, साक्षीदारांसमोर खंडित करण्यात आला होता. सबब सदर अपघात पूर्णपणे नियमानुसार झाला असून त्यात सुधारणेस फारसा वाव नाही. तरीही खबरदारी म्हणून नियमात दोन शब्द वाढवले: वीजपुरवठा सर्व मार्गांनी खंडित करावा.

स्टोअरकीपर बैठकीत उभा राहिला. "साहेब, प्लग काढा, एवढंच लिहा ना."

त्याची भावना समितीने नोंदवून घेतली. मजकुराचा प्रश्न भाषा उपसमितीकडे आहे. तो बैठकीतून उठून गेला आणि कात्रीच्या बाकावरच्या भिंतीवर त्याने हाताएवढ्या अक्षरांत लिहिले: "आधी प्लग उपट", आणि पुढे एक चौथा शब्द. त्या चौथ्या शब्दामुळे पहिले तीनही पुसावे लागले.

वाचकहो, आपण सुजाण आहात. इतकी साधी गोष्ट इतक्या माणसांना सुचू नये, याचे आपल्याला मघापासून हसू येत असेल. येऊ द्या. फक्त एक सांगा. परवा मिक्सर अडकला, तेव्हा भांडे न उतरवता, नुसते झाकण काढून आपण पात्यांपाशी काय अडले ते बोटाने चाचपून पाहिलेत. त्या वेळी प्लग कुठे होता? आणि आत्ता, या क्षणी, कुठे आहे? आमच्या समितीचा अंदाज असा की हा प्रश्न वाचूनही शंभरातले शंभर वाचक जागचे उठलेले नाहीत. बसा, बसा. घाई काय आहे? माणसाला बोटे दहा असतात.