कोहळ्याचं साक्षगंध

"ठेव तो चाकू खाली!"

पंचफुलाबाई एवढ्या जोरात ओरडल्या की मिनलच्या हातून चाकू सुटून थेट टेबलाखाली गेला. टेबलावर नारळाएवढी डझनभर कोहळी मांडलेली होती. पुण्याकडचे लोक ज्यांना लाल भोपळे म्हणतात, तीच.

"काय झालं वं आई?"

"बाई कोहळं फोडते का कोठं? कोहळं म्हणजे घरचा मोठा पोरगा. पहिला चिरा माणसाच्याच हातचा लागते. मंग पुढं तू त्याचं काही बी कर."

मिनलने कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळी रामदासपेठेतल्या प्रेमिला मॅडमची गाडी येणार होती. त्यांच्याकडे कोजागिरीचं जेवण होतं आणि जेवणाच्या टेबलांवर त्यांना ही कोहळी हवी होती: आतून पोकळ केलेली, माती भरलेली आणि वर गुबगुबीत पानांची सक्युलंट लावलेली. मिहानमधल्या कंपनीतली नोकरी सोडून मिनल हेच करत होती. वडिलांनी सरळ बजावलं होतं, "कोजागिरीपर्यंत एक तरी खरी ऑर्डर पोचवून दाखव. नाही तर सोमवारी कंपनीत परत." कंपनीनेही सोमवारपर्यंत जागा राखून ठेवली होती. म्हणजे सगळं गाडं या कोहळ्यांवर येऊन थांबलं होतं, आणि कोहळी माणसावर.

घरात माणूस नव्हता. वडील, चंपतराव, पहाटेच कळमन्याला गेले होते. मार्केट यार्डात त्यांची अडत होती आणि यार्डात, नात्यात, सगळीकडे त्यांनी 'पोरगी घरूनच कंपनीचं काम करते' असं सांगून ठेवलं होतं. पोरगी झाडं लावून विकते हे त्यांच्या तोंडून निघतच नव्हतं.

शेवटी पंचफुलाबाईंनी भिंतीवरून शेजारच्या धम्मानंदांना हाक मारली. ते नुकतेच वीज खात्यातून निवृत्त झाले होते आणि आता त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल कुतूहल वाटायला लागलं होतं.

"वहिनी, मी हे चिरा-बिरा काही मानत नाही," ते चप्पल काढता काढता म्हणाले. "पण चाकू द्या. ही पोरगी आतमध्ये काय करते ते मले पाहाचं हाय."

त्यांनी चिरे दिले, मिनलने गर कोरला, पंचफुलाबाईंनी तो बाकरभाजीसाठी पातेल्यात भरला. पहिलं झाड मातीत बसलं तेव्हा तिघंही वाकून पाहत राहिले.

"खरी हायेत का वं ही?" पंचफुलाबाईंनी एक पान दाबून पाहिलं. ते टचकन तुटलं. "हो, खरीच हायेत."

"पाणी किती द्या लागते याले?" धम्मानंदांनी विचारलं.

"लईच कमी, काका. पानातच साठवते ते."

"म्हणजे मटकाबी तोच अन् पिणाराबी तोच!" हे त्यांना इतकं आवडलं की कोणाला तरी सांगायला ते तडक पानठेल्यावर गेले.

तिथे त्यांनी सुरुवात चांगली केली. "चंपतरावांकडे डझनभर कोहळे फोडून आलो," असं म्हटलं आणि पुढचं सांगण्याआधी सुपारी-तंबाखूच्या खर्‍याचा तोबरा भरला. चूक झाली ती इथे. खर्रा तोंडात असताना नागपूरचा माणूस बोलत नाही, फक्त मान हलवतो.

"डझनभर कोहळे? म्हणजे कार्याची मोठी बाकरभाजी. पोरीचं साक्षगंध हाय का?"

नाही म्हणायला धम्मानंदांनी मान वर झटकली. लोकांना ती हो वाटली. साखरपुड्याची बातमी असल्यामुळे पुन्हा विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

दुपारी चंपतरावांचा फोन वाजू लागला. "अभिनंदन! पोरीचं साक्षगंध, अन् आमाले सांगतलं बी नाही?" पहिल्याला त्यांनी हसून टाळलं. पण दोन गल्ल्या पलीकडच्या चुलतभाऊ कवडूचा रडवेला आवाज आला, "सख्ख्यासारखा भाऊ हाय मी तुहा, अन् पानठेल्यावाल्याकडून समजून राहिलं मले!" तेव्हा मात्र त्यांना घाम फुटला. पोरीने परस्पर काही ठरवलं की काय? लिलाव अर्धवट टाकून ते घराकडे निघाले.

ते पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग पडला होता. कवडू सहकुटुंब नारळ आणि पेढे घेऊन हजर होता. मिनल प्रत्येकाला "तसं काही नाही हो" म्हणत होती आणि प्रत्येक जण 'लाजून राहिली' म्हणून कौतुकाने हसत होता.

टेबलावर मात्र कोहळी तयार होती. हिरवी, जांभळी, कडांना लाल झालेली पानं केशरी कोहळ्यांतून वर आली होती, आणि चंपतराव आपण कशासाठी धावत आलो ते क्षणभर विसरले. त्यांनी आयुष्यभर माल पाहिला होता. हा माल चांगला होता.

तेवढ्यात कवडूच्या बायकोने कुंकवाचा करंडा उघडला. "पोराकडच्यांनी पाठवलेलं दिसते. कसं सजवलं बाई! ओवाळून तरी घ्या," म्हणत तिने पहिल्या कोहळ्याकडे हळदकुंकवाचं बोट नेलं. मिनल गर्दीत पलीकडे अडकली होती.

"हात लावू नका!" चंपतराव गरजले. "ऑर्डरचा माल हाय तो!"

कवडूच्या बायकोने बोट मागे घेतलं.

"कायची ऑर्डर?" कवडूने विचारलं.

चंपतरावांनी बायकोकडे पाहिलं, मग मिनलकडे. आता 'कंपनीचं काम' म्हणायची सोय उरली नव्हती.

"माह्या पोरीची," ते म्हणाले. "धंदा हाय तिचा. रामदासपेठेत जाऊन राहिला हा माल. अन् साक्षगंध-बिक्षगंध काही नाही, समजलं?"

मिनलचे डोळे भरून आले, पण रडायला सवड नव्हती, कारण बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. चंपतरावांनी एकेक कोहळं स्वतः उचलून गाडीत ठेवलं आणि ड्रायव्हरला "खड्डा पाहून चालव गा" असं तीनदा बजावलं. आलेल्या पाहुण्यांना उपाशी कसं पाठवायचं म्हणून पंचफुलाबाईंनी बाकरभाजी फोडणीला टाकली. धम्मानंदही जेवायला आले, आणि तोंड रिकामं असल्यामुळे मटक्याची गोष्ट त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली.

हात धुताना कवडूने हळूच विषय काढला.

"झालं ते झालं, दादा. पण पाहण्यातला एक पोरगा हाय. चांगला हाय. सोमवारी आणू का दाखवायले?"

चंपतरावांनी टॉवेलला हात पुसले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आत्ता नको गा," ते म्हणाले. "आत्ता सीझन हाय आमचा."