तिरफळाचा फुप्फुसरक्षक गुण आणि मो मावशींचा पंखा

निसर्गाने माणसाला नाक एक आणि फुप्फुसं दोन दिली आहेत. नोकरीत त्यातलं एखादं खर्ची पडणार, याची त्याला पूर्वकल्पना असावी असं मानायला जागा आहे. उरलेल्या फुप्फुसाची काळजी वाहण्यासाठी आमची संस्था आहे.

संस्थेचं नाव 'तालुका तिरफळ संशोधन व गौरव संस्था'. आम्ही चीनमधल्या सिच्वानच्या डोंगरातली माणसं. आमच्याकडे तिरफळाशिवाय चूल पेटत नाही आणि जेवून उठलेल्या माणसाची जीभ पुढे अर्धा तास बधिर असते. (म्हणून महत्त्वाच्या बैठका आम्ही जेवणानंतर ठेवतो. त्या एकमताने पार पडतात.) मी इथला कारकून. संस्थेने शोध लावायचे आणि मी त्यांची वाक्यं लिहायची, अशी कामाची वाटणी आहे.

पुढच्या इमारतीत प्रयोगशाळा आहे आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गिरणी. गिरणीत मो मावशी एकोणीस वर्षं तिरफळं दळतात. तिथली धूळ अतिशय दर्जेदार आहे. शेडच्या दारात उभं राहिलं तरी डोळ्यांतून पाणी येतं, आणि मावशींचा खोकला पुढच्या फाटकापर्यंत ऐकू जातो. मावशींनी शेडमध्ये हवा बाहेर ओढणारा पंखा बसवावा म्हणून आजवर अकरा अर्ज केले. संस्थेने त्यातला एकही फेटाळला नाही. पहिल्या दहांना 'विचाराधीन' असं उत्तर गेलं (अक्षर माझं), आणि अकरावा अर्ज आला तेव्हा आमचे संचालक युंग साहेब यांना मूलभूत प्रश्न पडला.

"तिरफळात जीभ बधिर करणारं जे द्रव्य आहे," ते मला म्हणाले, "ते फुप्फुसाचं रक्षण करत असेल तर?"

"तर काय, साहेब?"

"अरे, तर ही बाई एकोणीस वर्षं फुकट औषध हुंगतेय! पंखा लावून आपण तिचं औषध बाहेर फेकायचं?"

प्रश्न बिनतोड होता. द्रव्य गुणकारी ठरलं तर पंखा नाही, न ठरलं तर पंखा, असं लेखी ठरलं. मावशींनी खाली अंगठ्याचा लाल ठसा उठवला आणि त्या शिंकल्या.

प्रयोगासाठी अठ्ठेचाळीस उंदीर आणले. नियमानुसार प्रयोगाच्या उंदरांना शुद्ध हवा लागते, नाहीतर निष्कर्ष बिघडतात. म्हणून उंदरांच्या खोलीत चार दिवसांत पंखा बसला. मावशी खिडकीतून तो बघून गेल्या.

उंदरांचे दोन गट केले. गट 'अ'ला साधं तेल पाजायचं, गट 'ब'ला तेलातून तिरफळाचं द्रव्य. मग दोन्ही गटांना काचेच्या पेटीत बसवून रोज दहा-दहा सिगारेटींचा धूर द्यायचा, साठ दिवस. गट 'अ' सकाळी, गट 'ब' दुपारी. हे काम उंदरांची देखभाल करणाऱ्या लाओ-पूकडे होतं. लाओ-पू निवृत्तीला आलेला, सरळ माणूस. सिगारेटी त्याच्या कपाटात 'उंदरांसाठी' अशी चिठ्ठी लावून ठेवल्या होत्या. उंची माल होता. शास्त्रात हलकं सामान वापरून चालत नाही.

साठ दिवसांनी तपासणी झाली. गट 'अ'ची फुप्फुसं चुलीवरच्या भिंतीसारखी निघाली. गट 'ब'ची गुलाबी, टवटवीत, जणू हवापालट करून आलेली. रक्षणाचं प्रमाण शेकडा अठ्ठ्याण्णव पूर्णांक तीन.

मग जे झालं ते आमच्या तालुक्याच्या इतिहासात झालं नव्हतं. वेशीवर लाल कापडी फलक लागला. मेजवानीत चौदा वेळा पेले उंचावले गेले. तिरफळाच्या उशा निघाल्या, तिरफळाचे मोजे निघाले (मोज्यांचा फुप्फुसाशी संबंध तपासण्यासाठी उपसमिती आहे). चहाच्या अड्ड्यावर माजाँग खेळणारे आजोबा सिगारेट पेटवण्याआधी दोन तिरफळं चघळू लागले आणि मग हिशेब बरोबर झाला म्हणून एकाऐवजी दोन सिगारेटी ओढू लागले. मावशींना पत्र गेलं, तेही मीच लिहिलं: 'आपणांस कामगार या वर्गातून लाभार्थी या वर्गात बढती देण्यात येत आहे. सबब पंख्याचा प्रश्न उरत नाही.'

पत्र हातात धरून मावशी थेट उंदरांच्या खोलीत गेल्या. मी पोच घ्यायला मागोमाग होतो.

"काय रे लाओ-पू," मावशी म्हणाल्या, "खरं सांग. तुझ्या त्या गुलाबी उंदरांनी धूर ओढला कसा?"

"ताई, आता सोडा ना तो विषय."

"एकोणीस वर्षं सोडतेच आहे. बोल!"

लाओ-पूने चहाचा पेला खाली ठेवला. "दुपारी ओढायचा होता," तो म्हणाला. "पण दुपारी पाहुणे येतात."

मला सगळं कळलं. आमच्याकडे पाहुण्याला पाणी मागाहून, सिगारेट आधी. एक पुढे केली नाही तर तो अपमान, आणि एकच पुढे केली तर त्याहून मोठा. नको म्हणणाऱ्याच्या कानामागे खोचून देतात. त्यात आमचे पाहुणे म्हणजे तपासणीला आलेले अधिकारी. जेवून आले की संचालक हाक मारायचे, 'लाओ-पू, जरा बघ रे!' आणि लाओ-पू कपाट उघडायचा.

"म्हणजे सहाशेच्या सहाशे?" मावशींनी विचारलं.

"पाचशे नव्वद. एक दिवस दरड कोसळून रस्ता बंद होता. त्या दिवशी बिचाऱ्या उंदरांना मिळाल्या."

मावशी इतक्या हसल्या की हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेना. बाहीला धूळ, डोळ्यांत पाणी, एक हात भिंतीला. लाओ-पू त्यांची पाठ चोळत होता. मी सतरा वर्षं त्या खोकल्याला 'विचाराधीन' म्हणत आलो होतो; इतक्या जवळून तो पहिल्यांदाच ऐकला. मला स्वतःची लाज वाटली. (ही भावना कार्यालयीन वेळेत आल्याने तिची नोंद केलेली नाही.)

आम्ही तिघं संचालकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे प्रयोग पुन्हा करायचा?" ते म्हणाले. "आणि वर काय कळवायचं? की साहेब, तुम्ही आमच्या उंदरांच्या सिगारेटी ओढल्यात?"

"मला काही नको," मावशी म्हणाल्या. "तुमचा फलक राहू दे, उशा राहू दे. मला पंखा द्या."

"मावशी, लाभार्थ्याला पंखा देता येत नाही हो. नियमच नाही तसा."

"उंदराला येतो?"

"उंदराला द्यावाच लागतो."

त्या क्षणी मला कारकुनी आयुष्यातलं सर्वोत्तम वाक्य सुचलं. मी तिथेच लिहिलं: 'संशोधनाचा विस्तार म्हणून गट क निर्माण करण्यात येत आहे. सदस्यसंख्या एक.' संचालकांनी दोनदा वाचलं आणि सही केली. मो मावशी आता उंदीर क्रमांक एकोणपन्नास आहेत.

पंखा चार दिवसांत बसला. दर महिन्याला वैद्यकीय तपासणी होते, दुपारी ताजी फळं येतात, आणि पिंजऱ्याची अट आकारमानामुळे शिथिल करण्यात आली आहे. शेजारणी चिडवतात, "काय गं उंदरे, आज खाऊ काय आला?" मावशी म्हणतात, "जळा मेल्यांनो, तुम्ही साधी माणसंच ना!"

सहा महिन्यांत मावशींचा खोकला बराच कमी झाला. अहवाल मीच लिहिला. त्यात या सुधारणेचं संपूर्ण श्रेय तिरफळाला दिलं आहे. पंख्याचा उल्लेख 'इतर साहित्य' या सदरात आहे. मावशींना वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही बाबा काय हवं ते. फक्त बटण बंद करू नकोस."

तर वाचकहो, हे वाचता वाचता स्वयंपाकघरातल्या डब्यात तिरफळ शिल्लक आहे का, हे बघायला तुम्ही एव्हाना उठला असाल. नसलं तर हळद चालेल का, असंही मनात आलं असेल. जरूर घ्या, आमची हरकत नाही. फक्त येता येता एकदा तुमच्या घराच्या आणि कचेरीच्या भिंती नीट बघून घ्या. कुठे हवा बाहेर ओढणारा पंखा बसवलेला दिसला, तर तुम्ही आमचे उंदीर आहात आणि तुमची काळजी घेतली जात आहे. दिसला नाही, तर अभिनंदन. तुम्ही लाभार्थी आहात.