शुभाबाईंच्या साखरेची मोहीम

माघ मासी, शनिवारी, जर्मन मुलखी एर्लांगेन मुक्कामी तळघरात शुभाबाईंच्या हातच्या बिअरची शेवटची बाटली रिकामी जाहली, आणि मागे दुसरी नाही, ही खबर त्या दिवशी उघड जाहली. शुभाबाई आश्विनात वारल्या. पुढे जे घडले ते लिहून ठेवावे, ऐसी कन्या ईप्सिता यांची आज्ञा, म्हणून शुभाबाईंचे यजमान आत्मारामपंत बापट यांनी स्वहस्ते लिहिले. पदरी दुसरा कारकून नाही.

घरची व्यवस्था ऐसी होती की बिअर करण्याचे खाते बाईसाहेबांकडे आणि पिण्याचे पंतांकडे. बाजारातून मॉल्टच्या घट्ट अर्काचा डबा आणि यीस्टची पुडी यायची, मग बादलीत त्यात पाणी आणि किलोभर साखर घालून आंबवायचे, आणि मग बाटल्या भरायच्या, इतके पंतांस ठाऊक. साखर कोणती, हे त्यांनी कधी पुसलेच नाही. आता वर्ष भरायच्या आत ती चव एकदा तरी घरात यावी, ऐसे मनात धरून पंतांनी मोहिमेचा हुकूम सोडला.

प्रथम डब्यावरील फर्मानाप्रमाणे पांढरी साखर बादलीत उतरवली, आणि पाच आठवडे दबा धरून बसले, आणि मग बाटली उघडली तो पातळ पाणी, वर नासक्या सफरचंदाचा वास. पुरती शिकस्त खाल्ली. मग शेजारचे सरदार हेर, म्हणजे जर्मन बोलीत श्रीयुत, ब्रांडल मसलतीस आले. ते म्हणाले, "हेर बापट, बिअरमध्ये साखर? ही काय कॉफी आहे?" तरी दोन ग्लास रिचवले, आणि घालायचीच तर द्राक्षसाखर, म्हणजे ग्लुकोज, घाला, ऐसा सल्ला देऊन गेले.

मग द्राक्षसाखरेची स्वारी निघाली. ती बिअर स्वच्छ आणि सभ्य उतरली, तक्रारीस जागा नाही. ईप्सिता रविवारी आल्या, घोट घेतला आणि म्हणाल्या, "बाबा, चांगली आहे. पण आईची नाही." तेथे तह होईना.

मग पंत न्युरेम्बर्गवर चालून गेले आणि देशी दुकानातून गूळ हस्तगत करून पाठीवरच्या पिशवीत घालून रेल्वेने परतले. बादलीत गूळ घातला, आणि बाटल्या भरतानाही अंदाजाने चमचा चमचा सढळ हाताने घातला, आणि तेणेकरून आत वायू कोंडून ज्येष्ठात चार बाटल्या तळघरात फुटून तेथेच ठेवलेली ब्रांडलसाहेबांची सायकल नखशिखांत न्हाली. उरलेलीची चव काढ्याची.

ब्रांडल म्हणाले, "माझी सायकल आता सरळ चालायची नाही." मग ग्लास उजेडात धरून म्हणाले, "आल्झो, तर एक सांगतो. तुमच्या तिन्ही बिअरना फेस आहे. फ्राउ बापट यांच्या बिअरला कधी धरला नाही. त्यात काहीतरी तुपकट असणार. तुपकटाने फेस मरतो."

हे ऐकताच शेजारी बसलेल्या ईप्सिता ओरडल्या, "गेनाऊ! अगदी तेच! बाबा, गुलाबजामचा पाक! आई उरलेला पाक कधी फेकायची का? कोणाचा वाढदिवस झाला की पुढच्या आठवड्यात बादली बाहेर!"

पंत हसले. मग तळघराच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

श्रावणात त्यांनी किलोभर साखरेचा पाक केला, आणि वेलची कुटून घातली, आणि केशर घातले, आणि तो सर्व सरंजाम बादलीत रवाना केला. बाटल्यांत या खेपेस साखर मोजून घातली. भाद्रपद वद्यात पहिली बाटली उघडली. ईप्सितांनी घोट घेतला आणि ग्लास पुढे करून आणखी मागितली. ब्रांडलसाहेबांनी चोरून तिसरा ग्लास भरून घेतला.

सबब जाहीर करण्यात येते की वर्ष भरण्यास बारा दिवस बाकी असता एर्लांगेन मुक्कामी शुभाबाईंची साखर सापडली आणि मोहीम फत्ते जाहली.

फेस मात्र धरला, कारण पाकात काही तळून टाकलेले नव्हते. पंतांना गुलाबजाम येत नाहीत. ते करायचे अजून राहिले आहेत.